नवं मागणारी माणसं

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात एका लग्नाचा सोहळा झाला. नवरदेव होते गोविंदप्रभू, म्हणजे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे गुरू. गावातल्या अनेकांना ते वेडे वाटत, भक्तांना मात्र ईश्वराचा अवतार. त्यांना लग्नाची हौस आली, तेव्हा भक्तांनी ती मनापासून पुरवली. त्या सोहळ्यात प्रभूंनी महदाइसेला गायला सांगितलं आणि तिने तिथल्या तिथे कृष्ण-रुक्मिणीच्या स्वयंवराचे धवळे रचले. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो ते या रचनेमुळे. धवळे हे बायकांनी लग्नात गायचे, वराला उद्देशून म्हटलेले गीतप्रकार. रुक्मिणीचं माहेर समजलं जाणारं कौंडण्यपूर याच जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी आहे. म्हणजे कथा या मातीत मुरलेली, गाण्याचा साचा घरोघरीचा, आणि तरीही जे घडलं ते नवं होतं. ते घडायला तीन गोष्टी लागल्या: सोहळा मांडणारे भक्त, समोर बसलेले श्रोते, आणि ‘गा’ असं हक्काने सांगणारा एक माणूस. महदाइसेचं नाव वाङ्मयाच्या इतिहासात आलं. सोहळा मांडणाऱ्यांचा विचार आपण क्वचितच करतो.

कविता आणि नाटक यांच्या नव्या वाटा शोधणाऱ्या महोत्सवाबद्दल बोलताना हाच विसर पुन्हा पुन्हा पडतो. कोणते कवी येणार, कोणतं नाटक होणार, उद्घाटक कोण, एवढ्यावर चर्चा आटोपते. संयोजक म्हणजे सभागृह ठरवणारा, वर्गणी गोळा करणारा आणि शेवटी आभार मानणारा, असं आपण धरून चालतो. अमरावती आणि अकोल्याचा, एकूणच वऱ्हाडाचा, वाङ्मयीन इतिहास वेगळंच सांगतो. इथल्या कवितेत आणि रंगभूमीवर जे खरोखर नवं आलं, त्यातलं बरंचसं लोकांच्या मेळाव्यासमोर आणि मेळाव्यासाठी जन्मलं. त्यामुळे तो मेळावा भरवणारे, कलावंताकडे काही नवं मागणारे आणि ते नीट ऐकून घेणारे लोक हे त्या निर्मितीचे भागीदार ठरतात. त्यांना भागीदार मानलं, तर आपले महोत्सव कसे असावेत याचं उत्तरही बदलतं.

नाटकाची गोष्ट पाहू. १९०५ साली मुंबईत पहिलं मराठी नाट्यसंमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपद अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांकडे गेलं. खापर्डे नाटककार नव्हते. ते नामांकित वकील, टिळकांचे सहकारी आणि वऱ्हाडातले बडे रसिक. अशा माणसाला तो मान मिळाला, याचा अर्थ त्या काळच्या नाट्यसृष्टीला आपल्या पाठीशी कोण उभं आहे याची पक्की जाण होती. याच वऱ्हाडात अकोला, खामगाव, जळगाव-जामोद इथे वकिली करत श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आपली बरीच नाटकं लिहिली. त्यांचं ‘वीरतनय’ १८९६ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणलं. साकी-दिंडीला सरावलेल्या प्रेक्षकांच्या कानावर पारशी-उर्दू रंगभूमीच्या वळणाच्या नव्या चाली पडल्या. पुराणकथा सोडून कल्पित कथानक आलं, संवादांत कोटीबाज विनोद आला. पुढे राम गणेश गडकऱ्यांनी ज्यांना गुरू मानलं ते हेच कोल्हटकर. अमरावतीचे वीर वामनराव जोशी पत्रकार होते, स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास सोसला. त्यांचं ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ ललितकलादर्शने केलं आणि ‘रणदुंदुभी’ बळवंत संगीत मंडळीने १९२७ साली. त्याच १९२७च्या नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली आणि अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न तिथे ऐरणीवर आला. नाटकगृह हे गावाचं विचार करण्याचं ठिकाण होतं, आणि ते चालवणारे, भाड्याने घेणारे, तिथे माणसं जमवणारे लोक त्या विचाराला जागा करून देत होते.

कवितेत हीच गोष्ट अधिक लख्ख दिसते ती गझलेमुळे. वऱ्हाड दीर्घकाळ निजामाच्या अमलाखाली होता. १८५३ साली कारभार इंग्रजांकडे गेला, तरी अचलपूर, बाळापूर, अमरावती, अकोला या गावांत उर्दू आणि तिच्यासोबत मुशायऱ्याची रीत मुरलेलीच राहिली. मुशायऱ्यात शेर कसा सादर होतो ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. गझलेच्या पहिल्या शेरात, म्हणजे मतल्यात, दोन्ही ओळींच्या शेवटी काफिया आणि रदीफ येतात, म्हणजे आधी यमक आणि मग जसाच्या तसा परत येणारा शब्द किंवा शब्दसमूह. एवढ्यावरून श्रोत्याला पुढचा नियम कळतो. त्यानंतरच्या प्रत्येक शेरात कवी पहिली ओळ म्हणतो आणि मुद्दाम पुन्हा म्हणतो. त्या थांबण्यात श्रोते मनाशी काफिया शोधू लागतात. मग दुसरी ओळ येते, काफिया अपेक्षेपेक्षा वेगळा निघतो आणि रदीफ सगळी मैफल कवीबरोबर म्हणते. ओळ फिकी असेल तर शांतता पसरते, आणि ती शांतता कवीला तिथेच ऐकू येते. श्रोत्याची जागा इथे रचनेतच राखून ठेवलेली आहे.

१९३२ साली अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी हे मर्म ओळखलं. मराठीत गझलेचा प्रयत्न आधीही झाला होता. माधव जूलियनांची ‘गज्जलांजली’ १९३३ सालची. पण मराठी श्रोत्याला गझल आपली वाटावी, तिचा काफिया त्याने आधी मनात धरावा, हे भटांच्या वेळी घडलं. ‘रंग माझा वेगळा’ आणि ‘एल्गार’ हे त्यांचे संग्रह वाचले गेलेच, शिवाय गझला त्यांनी गावोगावच्या मंचांवरून लोकांपुढे ठेवल्या. होतकरूंसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, पत्रांतून नवोदितांच्या रचना तपासल्या. इथे मोठा कवी स्वतःच संयोजक झाला. पुढे अमरावती जिल्ह्यातल्याच आष्टगावच्या भीमराव पांचाळ्यांनी गझल गाण्यापुरतं स्वतःला मर्यादित ठेवलं नाही. गझल सागर प्रतिष्ठान उभं करून त्यांनी मराठी गझल संमेलनं भरवली, नव्या गझलकारांना मंच दिला. एक काव्यप्रकार मराठीत रुजला तो असा, कवीच्या प्रतिभेने आणि मंच उभारणाऱ्यांच्या चिकाटीने मिळून.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. मुशायरा, कीर्तन, कविसंमेलन हे तर लोकरंजन. त्याला प्रायोगिक कसं म्हणायचं? जे मोजक्यांनाच कळतं ते प्रायोगिक, अशी समजूत या प्रश्नामागे आहे. खरं तर रूढ नियम बदलून पाहणं आणि तो बदल टिकतो का हे माणसांपुढे तपासणं, यालाच प्रयोगशीलता म्हणावं लागेल. या कसोटीवर गाडगेबाबांचं कीर्तन लावून पाहा. ते मूळचे मूर्तिजापूर-दर्यापूर भागातले, १८७६ साली जन्मलेले. गावात आल्यावर दिवसा हातात खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री त्याच गावाला कीर्तनाला बसवायचे. म्हणजे कीर्तनाचा पूर्वरंग सकाळीच सुरू झालेला असे. बुवांची पगडी नाही, संस्कृत श्लोक नाहीत; अंगावर चिंध्या, तोंडी वऱ्हाडी बोली. ते श्रोत्यांना साधे साधे प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याकडूनच वदवून घेत. कर्ज काढून देवकार्य करणारा, दारू पिणारा, मुलाला शाळेत न घालणारा श्रोता आपल्याच तोंडाने आपली चूक कबूल करत असे. प्रेक्षकाला नाटकातलं पात्र करण्याची जी कल्पना जगभरच्या रंगकर्मींनी विसाव्या शतकात सिद्धान्त म्हणून मांडली, ती इथे एका निरक्षर माणसाने गावच्या पारावर अमलात आणली. वऱ्हाडातल्या पोरीबाळीही भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईच्या गाण्यांत सासर-माहेराचे संवाद रंगवत आल्या आणि शेवटी खिरापत ओळखायला लावून ऐकणाऱ्यांना खेळात ओढत आल्या. लोकांना कळतं म्हणून ते जुनाट, हा हिशेब चुकीचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्यात तथ्यही आहे. मेळाव्याला टाळी हवी असते आणि टाळीची सवय कलेला घातक ठरते. वऱ्हाडी बोलीच्या बाबतीत हे दिसतं. अमरावतीच्या डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांच्या ‘मिर्झा एक्सप्रेस’ने आणि यवतमाळच्या शंकर बडे यांच्या ‘बॅरिस्टर गुलब्या’ या एकपात्री प्रयोगाने ही बोली गावोगावी मंचावर नेली. कविता, किस्सा आणि अभिनय यांचं ते अस्सल इथलं मिश्रण होतं, आणि हसवता हसवता ते शेतकऱ्याचं दुखणंही सांगत होतं. अकोल्यात प्राध्यापकी केलेल्या विठ्ठल वाघांची तिफणीची कविता तर ‘अरे संसार संसार’ या चित्रपटातून महाराष्ट्रभर पोचली. पण मागाहून आलेल्या पुष्कळांनी यातलं हसणं तेवढं उचललं. वऱ्हाडी म्हटलं की लोक ऐकण्याआधीच हसायला तयार होतात. हे बोलीचं दुबळेपण नाही, कारण उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ या १९६०च्या कादंबरीने याच बोलीत नायिका कौतिकची सगळी होरपळ पेलून दाखवली आहे. दोष येतो तो मागणीत. संयोजक जर दरवर्षी ‘काहीतरी हलकंफुलकं’ मागत असतील, तर कवी तेच देतील. म्हणूनच मागणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे. त्याने अवघड मागितलं, तरच अवघड ऐकण्याची सवय लागेल.

तिसरा आक्षेप एकांताचा. खरी कविता एकट्याने लिहिली जाते, तिला उत्सव कशाला? उदाहरणं वऱ्हाडातच सापडतात. सरकारी कचेरीत कारकुनी करत ‘बी’ या टोपणनावाआड राहिलेले नारायण मुरलीधर गुप्ते, किंवा बेलोऱ्यात जन्मलेले, आपल्या काळातली भीती आणि तुटलेपण दीर्घकवितेत पकडणारे वसंत आबाजी डहाके. दोघांचीही कविता गर्दीत सुचलेली नाही. पण ती आपल्यापर्यंत आली कशी, हेही पाहायला हवं. बींचा ‘फुलांची ओंजळ’ हा संग्रह १९३४ साली आला, त्यामागे आचार्य अत्र्यांची खटपट होती. डहाक्यांची ‘योगभ्रष्ट’ १९६६ साली छापली ती ‘सत्यकथा’ मासिकाने, म्हणजे नवं लिहिणाऱ्यांकडे सतत मागणी करत राहिलेल्या संपादकांनी. लिहिणं एकांतातलं असलं, तरी ते वाचणारा आणि पुढे नेणारा कोणीतरी लागलाच. यातून आयोजकांनी घ्यायचा धडा असा की सगळ्या कवितांना एकच मांडव चालत नाही. डहाक्यांसारखी कविता हजारांच्या गर्दीत, दोन सत्कारांच्या मधल्या पाच मिनिटांत वाचली, तर ती वाया जाते. तिला पन्नास माणसांची खोली हवी, दोनदा वाचण्याची मोकळीक हवी, नंतर बोलायला वेळ हवा. हे ओळखून खोली मोठी की लहान ठरवणं हेही वाङ्मयीन काम आहे.

चौथा आक्षेप वऱ्हाडात नेहमी ऐकू येतो: इथली गुणी माणसं शेवटी मुंबई-पुण्याला जातात, मग इथे खटाटोप कशासाठी? जातात हे खरं. विदर्भ साहित्य संघही १९२३च्या संक्रांतीला अमरावतीत स्थापन झाला आणि पुढे त्याचं केंद्र नागपूरला गेलं. पण ये-जा दोन्ही बाजूंनी असते. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्यात वाढलेल्या महेश एलकुंचवारांनी नागपुरात विजया मेहतांनी बसवलेलं तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’ पाहिलं आणि ते नाटकाकडे वळले, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. पुढे ‘सुलतान’ ही त्यांची एकांकिका ‘सत्यकथे’त आली, विजयाबाईंनी त्यांच्या एकांकिका मुंबईत केल्या आणि १९८५ साली ‘वाडा चिरेबंदी’तून वऱ्हाडातलं मोडकळीला आलेलं देशपांड्यांचं घर मराठी रंगभूमीच्या मध्यभागी येऊन बसलं. नागपूरचा तो प्रयोग ठरवणाऱ्यांना, तिकिटं विकणाऱ्यांना प्रेक्षकांत कोण बसलं आहे हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. बाहेरचं चांगलं नाटक गावात आणणं म्हणजे नुसता करमणुकीचा खर्च, असं समजणाऱ्यांनी एवढं एक उदाहरण लक्षात ठेवावं.

आणि ज्यांना कुठेच जायचं नाही, त्यांचं काय? याचं उत्तर ‘तेरवं’ या नाटकाने दिलं आहे. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापेंनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरांतल्या बायका स्वतः काम करतात. अभिनयाचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. त्यांच्यावर आजवर अहवाल लिहिले गेले, मदतीचे धनादेश देताना फोटो निघाले, पण मंचावर उभं राहून बोलण्याची मागणी त्यांच्याकडे कोणी केली नव्हती. २०१९ साली यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन याच नाटकात काम केलेल्या एका शेतकरी महिलेने केलं. दुःख भोगलेल्या माणसाला ते रोज नव्याने लोकांपुढे मांडायला लावणं योग्य आहे का, असा प्रश्न यावर विचारता येतो आणि तो विचारलाच पाहिजे. म्हणूनच अशा नाटकामागची माणसं कशी वागतात याला मोल येतं. तालमीला यायला त्या बाईचा मजुरीचा दिवस बुडतो, तो भरून देणं. नको वाटेल तिथे थांबण्याचा हक्क तिच्या हाती ठेवणं. प्रयोगानंतरही तिच्या घराशी नातं राखणं, ही कामं नाटकाच्या बाहेरची वाटतात. पण ती नीट झाली नाहीत, तर बोलणारीचं पुन्हा प्रदर्शन होतं. ती झाली, तर बोलणारी कलावंत होते.

मग अमरावती-अकोल्यात आज नव्या वाटेचा महोत्सव करायचा तर काय करावं? पाया आयता आहे. राज्य शासनाची हौशी नाट्यस्पर्धा १९५४ पासून सुरू आहे आणि तिच्या निमित्ताने गावोगावच्या मंडळांनी पदरमोड करून नाटकं बसवली. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या युवा महोत्सवात पाच जिल्ह्यांची महाविद्यालयं एकांकिका, मूकनाट्य, प्रहसन घेऊन उतरतात. दोन्हींची अडचण एकच: निकाल लागला की काम संपतं. आठ-दहा आठवडे तालीम केलेलं नाटक एकदाच होतं आणि सामान बांधून ठेवलं जातं. स्पर्धेमुळे निदान नाटकं होतात, हे म्हणणं खरं आहे, आणि ती बंद करावी असं कोणी म्हणू नये. पण महोत्सवाने स्पर्धेची नक्कल करू नये. त्याने पारितोषिकाऐवजी दुसरा, तिसरा प्रयोग द्यावा. जुन्या गाजलेल्या कवितांच्या फेरीआधी एक तरी रचना अशी असावी, जी या महोत्सवाने मागितली म्हणून लिहिली गेली. नट, कवी आणि प्रकाशयोजना सांभाळणाऱ्यालाही मानधन मिळावं. झालेल्या प्रत्येक सादरीकरणाची संहिता आणि ध्वनिमुद्रण जपून ठेवावं. आणि तारखा ठरवताना कापूस वेचणीचा हंगाम पाहावा, नाहीतर ज्यांच्याविषयी नाटक आहे ते शेतातच राहतात.

पैशाचं काय, हा शेवटचा प्रश्न. सरकारी अनुदान उशिरा येतं, प्रायोजकाला फलकावर नाव आणि मंचावर खुर्ची हवी असते. या अडचणी खोट्या नाहीत. तरीही शाल-श्रीफळ, स्मरणिका, मोठा मंडप आणि पाहुण्यांची सरबराई यांवर आपल्याकडे जेवढा खर्च होतो, त्यातला थोडा भाग जरी तालमीकडे वळवला तरी लहान गावातला महोत्सव उभा राहतो. ते वळवण्याचा निर्णय कोणी कवी घेऊ शकत नाही. तो संयोजकालाच घ्यावा लागतो, प्रसंगी रुसवे-फुगवे पत्करून. रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहत आहे. तिथे महदाइसेचा अभ्यास होईल, व्हायलाच हवा. त्याबरोबरच वऱ्हाडातल्या नाट्यमंडळांच्या, गझल संमेलनांच्या, कीर्तनांच्या मागे राबलेल्या माणसांच्या वह्या, हिशेब, पत्रव्यवहार गोळा करण्याचं कामही तिथे सुरू झालं पाहिजे, कारण ते कागद आत्ता कोणाच्या तरी माळ्यावर कसरीच्या तोंडी आहेत. कवी आणि नट आपापलं काम करतच राहतील. त्यांच्याकडे पुढचं, अजून न लिहिलेलं काही मागणारी आणि ते ऐकायला माणसं बसवणारी पिढी तयार करणं, हे अमरावती-अकोल्याच्या सांस्कृतिक संस्थांनी यापुढे आपलं पहिलं काम मानावं.